कॅम्पिंगसाठी लहान कुऱ्हाड: कोणती घ्यावी, कुठून करून घ्यावी?

मावळवारा
नमस्कार मंडळी. आम्ही चार कुटुंबं मिळून पावसाळा सरता सरता आणि थंडीत तंबू घेऊन बाहेर पडतो. जागा बहुतेक ठरलेल्या असतात. वेल्ह्याकडे मैत्रिणीचं शेत आहे, नाहीतर भंडारदऱ्याच्या बाजूला एका गावात ओळखीच्यांच्या खळ्यात तंबू लावतो. स्वयंपाक चुलीवर, सरपण गावातूनच विकत घ्यायचं. झाड तोडण्याचा प्रश्नच नाही, हे आधीच सांगते.

अडचण अशी की मिळणारे ओंडके मांडीएवढे जाड असतात. चुलीत मावत नाहीत, आणि आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर पेटतही नाहीत. यजमानांची कुऱ्हाड मागून आणतो, पण तिचा दांडा माझ्या कमरेच्या वर येतो आणि डोकं दीड-दोन किलोचं. ती मला आवरत नाही. मला स्वतःला वापरता येईल अशी लहान कुऱ्हाड हवी आहे.

ऑनलाइन बघायला गेले तर हातोडी, करवत, शिट्टी, होकायंत्र सगळं एकात असलेल्या कुऱ्हाडी दिसतात. दुसऱ्या टोकाला स्वीडनच्या, ज्यांच्या किमतीत एक बरा तंबू येईल. वजन किती असावं, दांडा किती लांब, लाकडी की प्लॅस्टिकचा, आणि गावातल्या लोहाराकडून करून घेतली तर चालेल का? ज्यांनी खरोखर वापरली आहे त्यांनी लिहावं, ही विनंती.

कड्याकपारी
ताई, ती शिट्टी-होकायंत्रवाली अजिबात घेऊ नका. आमच्या ग्रुपमध्ये एकाने आणली होती. चार-पाच मिलिमीटर जाडीची सपाट पट्टी, तिला पुढे धार लावलेली. लाकडात घुसते आणि तिथेच बसते, कारण मागे जाडी नाही. ओंडका फुटायचा तर पात्याचे गाल दोन्ही बाजूंनी फुगत गेले पाहिजेत, म्हणजे आत शिरता शिरता ते लाकूड बाजूला रेटतात.

दुसरं म्हणजे कुऱ्हाडीआधी घडीची करवत घ्या. मनगटाएवढी सुकी फांदी आडवी कापायला कुऱ्हाडीने घाम निघतो आणि ढलप्या चहूकडे उडतात. करवतीने ते काम मिनिटभराचं, बसल्या जागी, मुलं आसपास असली तरी जिवाला घोर नाही. बाहको कंपनीची लॅपलँडर नावाची सात-साडेसात इंची पात्याची घडीची करवत मी वापरतो. आडवं कापायला करवत, उभं फोडायला कुऱ्हाड, अशी कामाची वाटणी केली की कुऱ्हाड लहान असून भागतं.

ऐरण_आणि_भाता
मी फोर्जिंगच्या धंद्यात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. हत्यारं हा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

वजनापासून सुरुवात करू. दांडा सोडून नुसत्या डोक्याचं वजन ६०० ते ७०० ग्रॅम असावं. ४०० ग्रॅमच्या खाली काटक्या तुटतात, ओंडका फुटत नाही, मग माणूस जोर लावायला लागतो आणि तिथेच अपघात होतो. किलोच्या वर गेलात की एका हाताने नेम राहत नाही.

दांड्याची लांबी वजनापेक्षाही महत्त्वाची आहे. बाजारात लहान म्हणून मिळणाऱ्या बहुतेक कुऱ्हाडींचा दांडा १२ ते १४ इंच असतो. त्या एका हाताने वापरायच्या, गुडघे टेकून. उभं राहून घाव घातला आणि चुकला, तर पातं कमानीत फिरून थेट नडगीवर किंवा गुडघ्यावर येतं. दांडा लांब असला की चुकलेला घाव पायापर्यंत पोचण्याआधी जमिनीत जातो. म्हणून नवख्या माणसाला लहान कुऱ्हाड मोठीपेक्षा जास्त धोक्याची असते. तुमच्यासाठी मी १८ ते १९ इंच सुचवेन. दोन्ही हातांनी धरता येते, पिशवीच्या बाजूला बसते, आणि हलक्या कामाला डोक्याजवळ धरून एका हातानेही चालवता येते. स्वीडनच्या ग्रॅन्सफोर्स ब्रुक या जुन्या कारखान्याची स्मॉल फॉरेस्ट ॲक्स साधारण याच मापाची आहे, आणि जगभर त्या मापाची नक्कल होते ती उगाच नाही.

आता पोलाद. लोहाराकडून करून घेणार असाल तर ट्रकच्या कमानपाट्याची, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीची, करून मागा. त्यात सुमारे अर्धा टक्का कार्बन असतो, धारही धरतं आणि चिवटपणाही असतो. बांधकामाच्या सळीची केलेली कुऱ्हाड दिसायला तशीच दिसते, पण पहिल्या गाठीवर धार वळते. जुन्या पाट्यात कधी कधी बारीक चिरा असतात, म्हणून ज्या ठिकाणाहून पाटा मोडला त्या बाजूचा तुकडा घेऊ नये. पूर्वी लोहार अंग मऊ लोखंडाचं ठेवून फक्त तोंडाला पोलाद घालायचे. चांगल्या हाताने घातलेलं असेल तर ती कुऱ्हाड आजही उत्तमच.

पाणी देताना, म्हणजे तापवलेलं पातं विझवून कडक करताना, घाई नको. कमानपाट्याचं पोलाद लालबुंद असताना थंड पाण्यात टाकलं तर तडकू शकतं, ते तेलात विझवायला सांगा. त्यानंतर धार घासून पांढरी करायची आणि मागच्या जाड भागाकडून हळूहळू ऊब द्यायची. रंग पुढे सरकत येतो: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कुऱ्हाडीसाठी जांभळा रंग धारेवर आला की थांबायचं. पिवळ्यावर थांबलात तर धार कडक राहते पण गाठीवर तुकडा उडतो. निळ्याच्या पुढे गेलात तर मऊ.

तयार कुऱ्हाड तपासायची तर खिशात बारीक दातांची नवी कानस घेऊन जा. धारेवर हलकेच ओढा. सुळकन घसरली आणि काहीच निघालं नाही, तर फार कडक. सहज रुतून जाड कीस निघाला, तर मऊ. जराशी अडखळत बारीक भुकटी काढत गेली, तर घ्या.

देवगडकर
सगळं वाचलं. पण आमच्या कोकणात विचाराल तर रानात जाताना माणूस कमरेच्या आकडीत कोयता अडकवतो, कुऱ्हाड घरी राहते. वाट मोकळी करायला, फांद्या साफ करायला, बांबू छाटायला, शहाळं फोडायला कोयता. पुढचा बाक असल्यामुळे वेल, फांदी पात्यातून निसटत नाही. वजन कुऱ्हाडीच्या निम्मं.

फोडायचंच असेल तर कोयता ओंडक्याच्या तोंडावर ठेवायचा आणि मागून लाकडी ठोकळ्याने हाणायचं. पातं सरळ खाली जातं. मनगटाच्या दीडपट जाडीपर्यंत काही अडत नाही. ताईंनी याचाही विचार करावा.

ऐरण_आणि_भाता
देवगडकर, फांद्यांसाठी कोयत्याला तोड नाही, मान्य. पण ताईंचं लाकूड मांडीएवढं आहे. एवढ्या जाडीवर कोयत्याचं पातं अर्ध्यात अडकतं आणि मग काढता काढता मुठीतून हलायला लागतं. ठोकायचंच असेल तर लाकडानेच ठोकावं, दगडाने किंवा हातोडीने नको, हे मात्र तुम्ही लिहिलंत ते प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

रानहळद
मंडळी, पोलादाची चर्चा छान चालली आहे, पण भंडारदऱ्याचं नाव आलं म्हणून थांबवते. तो बराचसा परिसर, कळसूबाई आणि रतनगडासकट, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरता येत नाही, आणि कायद्यातली शस्त्राची व्याख्या फार मोठी आहे. सुऱ्या, जाळी, फास, प्राण्याला इजा करू शकेल असं कुठलंही साधन त्यात बसतं. कुऱ्हाडीवर वाद घालत वनरक्षकासमोर उभं राहायची वेळ येऊ देऊ नका. जंगलाला धोका होईल अशी आग पेटवायला कलम ३० प्रमाणे बंदी आहे.

अभयारण्य नसलं तरी राखीव जंगल असेल, तर भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ लागू होतं. झाड तोडणं, फांद्या छाटणं, खात्याने मोकळीक दिलेल्या हंगामाबाहेर आग पेटवणं, हे सगळं गुन्ह्यात मोडतं. सुकलेलं झाड तोडलं तरी ते तोडणंच आहे. त्या वठलेल्या खोडात सुतारपक्ष्याची ढोली असते, पुढे तीच ढोली पोपट आणि पिंगळे वापरतात. आपल्याला जे सरपण दिसतं ते कुणाचं तरी घर असतं, हे मी प्रत्येक शिबिरात मुलांना दाखवते.

गडांवर तर कुऱ्हाड नेऊच नये. राजगड, रायगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर हे २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. तिथल्या जोत्याच्या दगडांवर चुली मांडून दगड काळे करणं आणि तडकवणं आता तरी बंद व्हायला हवं. गडावर गॅसचा लहान स्टोव्ह न्यावा.

ताई, तुमच्या बाबतीत शेत आणि खळं खासगी आहे, सरपण विकत घेतलेलं आहे, तेव्हा हरकत नाही. पण भंडारदऱ्याला कुऱ्हाड न नेता यजमानांचीच वापरा किंवा ओंडके त्यांच्याकडूनच फोडून घ्या. वेल्ह्याच्या शेतासाठी स्वतःची ठेवा.

मावळवारा
रानहळद, मनापासून आभार. अभयारण्याचा भाग डोक्यातच आला नव्हता. भंडारदऱ्याला यजमानच फोडून देतील, त्यांचे मजुरीचे पैसे वेगळे देऊ. आता प्रश्न फक्त वेल्ह्याच्या शेताचा. तिथे सुबाभूळ, आंबा, कधी बाभूळ आणि बांधावरची उंदीरमारी मिळते. या लाकडांवर काय चालेल?

मिशिगनचा_वाटाड्या
इकडची गोष्ट सांगतो, उपयोगी पडेल. डेट्रॉइटजवळ राहतो. आमच्या मराठी मंडळातली दहा-बारा घरं उन्हाळ्यात स्टेट पार्कमध्ये तंबू लावतात. इथे झाड तोडायला बंदी असतेच, पण घरचं लाकूड सोबत नेऊ नका असंही बजावलेलं असतं. कारण एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा चकाकता भुंगेरा. तो आशियातून आला, २००२ मध्ये इथेच डेट्रॉइटच्या आसपास पहिल्यांदा सापडला, आणि सरपणातून प्रवास करत त्याने कोट्यवधी ॲशची झाडं संपवली. साल उचलून पाहिली तर आतल्या बाजूला अळ्यांनी कोरलेल्या नागमोडी वाटा दिसतात. म्हणून नियम असा की जिथे जाळायचं तिथेच विकत घ्यायचं.

विकत मिळतं ते फोडलेलंच असतं, पण ढलप्या दंडाएवढ्या जाड. त्या एका काडीने पेटत नाहीत. तेव्हा कुऱ्हाडीचं काम म्हणजे दंडाएवढ्या ढलपीच्या अंगठ्याएवढ्या चिपा करणं. त्यासाठी मी फिस्कार्सची एक्स ७ वापरतो. साधारण १४ इंच, साडेसहाशे ग्रॅमच्या आत, दांडा काचतंतू घातलेल्या प्लॅस्टिकचा, आतून पोकळ. डोकं दांड्यातच ओतून बसवलेलं, त्यामुळे सैल होत नाही. पावसात पडली, उन्हात राहिली, काही होत नाही. शेजारचे एक आजोबा इलिनॉयच्या एस्टविंग कंपनीची अखंड पोलादाची वापरतात, मुठीवर कातड्याच्या चकत्या. दणकट आहे, पण थंडीत तिचा दणका हातात जाणवतो.

चिपा करायची एक पद्धत इथल्या स्काउटवाल्यांकडून शिकलो, ती सर्वात सुरक्षित वाटते. ढलपी उभी धरून वरून घाव घालायचाच नाही. कुऱ्हाडीची धार ढलपीच्या टोकावर टेकवायची, दोन्ही एकत्र धरायचे, आणि दोन्ही मिळून खालच्या ओंडक्यावर आपटायचे. धार आत शिरते. मग कुऱ्हाड जराशी पिळली की ढलपी दुभंगते. धरणारा हात ढलपीच्या मागच्या टोकाला, धारेपासून लांब. माझी बारा वर्षांची मुलगी माझ्या देखरेखीखाली असं करते.

कड्याकपारी
वाटाड्या, ही पद्धत फारच कामाची. पावसात भिजलेल्या लाकडासाठीही हेच करावं. ताई, वरून ओल्याकिच्च दिसणाऱ्या ओंडक्याचा गाभा बहुधा कोरडा असतो. साल आणि बाहेरचा बोटभर थर काढून टाका, आतलं लाकूड बारीक करा, आणि त्यातल्या दोन-तीन चिपांना सुरीने पिसं काढा. म्हणजे पातळ कुरळे कीस काढायचे, पण टोकाशी तुटू द्यायचे नाहीत. त्या पिसांना काडी लावली की भर पावसाळ्यातही चूल पेटते. रॉकेल ओतायची गरज राहत नाही.

ऐरण_आणि_भाता
ताईंच्या लाकडांबद्दल. आंबा आणि सुबाभूळ सरळ फुटतात, ६०० ग्रॅमला अडचण नाही. बाभूळ कडक, पण निखारा अप्रतिम. ती गाठीपासून लांब, कडेकडेने फोडायची. मधोमध घाव घालू नये, कडेच्या फाका काढत आत यावं. निलगिरी मिळाली तर सुकायच्या आधीच फोडून ठेवायला सांगा. वाळल्यावर तिच्या रेषा एकमेकींत इतक्या गुंततात की मोठी कुऱ्हाडही परत येते. सावर, पांगारा विकत घेऊ नका. हलकं लाकूड, भुर्रकन जळतं आणि मागे निखारा राहत नाही.

देवगडकर
आणि बिब्बा ओळखायला शिका. त्याच्यावर घाव घातला की चीक उडतो आणि अंगावर फोड येतात, धूरही अंगावर घेऊ नये. कण्हेरीच्या काटक्या चुलीत घालू नका, त्यावर काही भाजायला तर मुळीच नको. विषारी झाड आहे ते.

पोलादी_मनगट
अखंड पोलादाच्या कुऱ्हाडीला इथे नावं ठेवली गेली, म्हणून लिहितो. लाकडी दांडा कधी ना कधी सैल होणारच. घाव घालताना डोकं उडून कुणाला लागलं तर? एका तुकड्यात घडवलेली घेतली की तो प्रश्नच नाही. हातात दणका जाणवतो, पण आठवड्याच्या शेवटी तासभर लाकूड फोडणाऱ्याला त्याचं काय?

ऐरण_आणि_भाता
तुमचा मुद्दा खरा आहे. डोकं उडणं हा सर्वात वाईट अपघात, आणि ज्याला दांड्याकडे लक्ष द्यायचं नाही त्याने अखंडच घ्यावी. पण लाकडी दांडा सांभाळणं अवघड नाही, आणि तो मोडला तर कुठल्याही गावात दुसरा बसवून मिळतो. अखंड पोलादाची मूठ एकदा फाटली की ती तशी सहज बदलून मिळत नाही.

दांड्याचं लाकूड धामण मिळाली तर पहिली पसंती. वाकते पण मोडत नाही, म्हणून पूर्वी धनुष्यालाही वापरायचे. त्यानंतर तिवस आणि बाभूळ. सागवान दांड्याला घेऊ नका. दाराखिडक्यांना राजा आहे, पण घावाच्या धक्क्याने रेषेत चिरतो. दांड्याच्या बुडाकडून पाहिलं तर वाढीच्या रेषा पात्याच्या दिशेने उभ्या दिसल्या पाहिजेत, आडव्या नकोत. अंगावर गाठ नको. आणि रंगवलेला दांडा घेऊ नये, रंगाखाली काय दडलंय कळत नाही.

दांडा बसवायचं भोक लांबट असावं. गोल भोकात डोकं फिरतं. दांडा आत ठोकल्यावर वर बोटभर बाहेर येऊ द्यायचा, मधल्या चिरेत कडक लाकडाची पाचर ठोकायची. उन्हाळ्यात लाकूड आकसून डोकं हलायला लागलं की गावाकडे कुऱ्हाड रात्रभर पाण्यात टाकतात. तेवढ्यापुरती घट्ट होते, पण फुगलेले तंतू भोकात चेपले जातात आणि वाळल्यावर ती आधीपेक्षा सैल होते. त्याऐवजी जवसाचं तेल द्या. पातळ हात, जिरू द्यायचा, पुसायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. ज्या फडक्याने तेल पुसलं ते चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

सातमाळा_दवाखाना
मी नाशिक भागात डॉक्टर आहे, ट्रेकलाही जाते. कुऱ्हाडीच्या ज्या जखमा शिवल्या त्यात दोनच जागा पुन्हा पुन्हा येतात: डाव्या हाताची तर्जनी-अंगठा आणि डावी नडगी. उजव्या हाताने काम करणाऱ्यांच्या या. पहिली लाकूड धरून घाव घातल्याने, दुसरी उभं राहून लहान कुऱ्हाड चालवल्याने. वर दोन्हींवर उपाय आलेच आहेत, ते गंभीरपणे घ्या.

फोडणाऱ्याने आधी कुऱ्हाड हातात धरून, हात पूर्ण लांबवून सावकाश गोल फिरून पाहावं. त्या गोलात आणि त्याच्या पुढे-मागे सरळ रेषेत कुणी असता कामा नये. पायात चपला नकोत, बूट घाला. अंधार पडल्यावर विजेरीच्या उजेडात फोडू नका, सरपण दिवसाच करून ठेवा. एका हाताने चालवताना मनगटात दोरीची गाठ अडकवू नका, सुटलेली कुऱ्हाड लांब गेलेली बरी.

लागलंच तर हळद, कॉफी, माती काहीही भरू नका. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबा, दहा मिनिटं, मधे उचलून बघायचं नाही. रक्ताने भिजलं तर त्यावरच दुसरं कापड ठेवा. पाय किंवा हात वर धरा. बोट हलत नसेल किंवा पुढे बधिर वाटत असेल तर मज्जातंतू किंवा स्नायूची दोरी तुटली असू शकते, छोटी दिसणारी जखमही तातडीने दवाखान्यात दाखवा. १०८ ला फोन करताना गावाचं नाव आणि रस्ता सांगता येईल असा एक माणूस आधीच नेमून ठेवा, रेंज कुठे मिळते तेही पाहून ठेवा. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी.

मावळवारा
डॉक्टर, हे सगळं छापून तंबूच्या पिशवीत ठेवणार आहे.

मंडळी, कुऱ्हाड झाली! रस्त्याच्या कडेला पाल टाकून लोहारकाम करणारं एक कुटुंब बसलं होतं, त्यांच्याकडून करून घेतली. कमानपाट्याचा तुकडा त्यांच्याकडेच होता. आजोबा सांडशीत पाटा धरून बसलेले आणि त्यांची सून उभी राहून घण घालत होती. आजोबा लहान हातोडीने ऐरणीवर टक् करून जागा दाखवायचे आणि घण बरोबर त्याच जागी पडायचा. एकदाही चुकला नाही. मी १९ इंच म्हटल्यावर आजोबांनी आधी माझा हात मागितला, कोपरापासून मुठीपर्यंत दांडा धरून पाहिला आणि म्हणाले, अर्धा इंच कमी करू, तुमच्या मुठीला बरोबर येईल.

तेलात विझवायचं सांगितलं तर त्यांनी मान डोलावली, त्यांच्याकडे डब्यात जळकं तेल होतंच. रंग मात्र मी श्वास रोखून बघत होते. जाड बाजूकडून पिवळा सरकत आला, तपकिरी झाला, आणि धारेवर जांभळी छटा दिसते न दिसते तोच त्यांनी उचलली. कानस लावून पाहिली, अडखळली, बारीक भुकटी निघाली. डोकं ६४० ग्रॅम भरलं, शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर. दांडा बाभळीचा मिळाला, धामण नव्हती. त्यांनी सांगितलेली किंमत ऐकून मला वाटलं ती फार कमी आहे, मग आम्ही वाढवून दिली.

दोन प्रश्न उरले. धार त्यांनी लावून दिली आहे, पण पुढे घरी कशी लावायची? कोपऱ्यावरच्या ग्राइंडरवाल्याकडे देऊ का? आणि गाडीतून नेताना काही त्रास होईल का?

ऐरण_आणि_भाता
फार आनंद झाला वाचून. त्या सुनेच्या घणाबद्दल वाचून तर विशेष. या घिसाडी-लोहार कुटुंबांकडे हाताचं कसब आहे, आणि आपण शहरी लोक त्यांच्याकडून फक्त विळे घेतो. किंमत वाढवून दिलीत ते योग्य केलंत.

ग्राइंडरवर देऊ नका. धारेवर निळी रेघ उमटली की तेवढ्या जागेचं पाणी उतरलं, आणि ती जागा पुन्हा धार धरत नाही. घरी सपाट कानस आणि दोन बाजूंचा धारेचा दगड पुरेसा आहे. कुऱ्हाड ओंडक्यात अडकवून किंवा शिकंज्यात धरून, कानस धारेकडून मागे गालाकडे न्यायची, बोटं धारेच्या पुढे येणार नाहीत अशी. दोन्ही बाजूंना सारख्या ओढी. कोन मिळून २५ ते ३० अंश, आणि बाक किंचित फुगीर ठेवायचा. सुरीसारखी पोकळ धार केली तर बाभळीच्या गाठीवर कडा तुटेल. शेवटी दगडाने गोल गोल फिरवत कानशीच्या रेघा घालवायच्या. वर्तमानपत्राचा कागद सरळ कापला गेला की पुरे, त्याहून जास्त धारेची गरज नाही. आणि मागच्या बाजूने तंबूच्या लोखंडी खुंट्या ठोकू नका, दांड्याचं भोक पसरतं. लाकडी खुंटी चालेल.

रानहळद
गाडीचं सांगते. शेतीची कुऱ्हाड गाडीत असणं हा गुन्हा नाही, पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे मनाई आदेश सणावाराला, निवडणुकीला बऱ्याच जिल्ह्यांत लागू असतात आणि त्यात हत्यारं बाळगायला बंदी असते. निघण्याआधी त्या जिल्ह्यात आदेश आहे का ते पाहून घ्या. नेताना धारेवर म्यान घालून, करवत, चुलीची जाळी, तवा यांच्यासोबत एका पिशवीत डिकीत ठेवा. सीटखाली किंवा दाराच्या कप्प्यात नको. मेट्रोत आणि विमानाच्या केबिनमध्ये चालणार नाही.

कड्याकपारी
म्यानासाठी चपला शिवणाऱ्या काकांकडे जा. जाड चामड्याचे दोन तुकडे, आणि धारेच्या बाजूला आत तिसरी पट्टी घालून शिवायला सांगा. ती पट्टी नसली तर धार टाकेच कापते. घरी ठेवताना मात्र म्यानातून काढून ठेवा, चामड्यातला ओलावा पोलादाला गंज आणतो. पात्यावर खोबरेल तेलाचा पुसट हात पुरतो.

मिशिगनचा_वाटाड्या
ताई, फोटो टाका की. आणि ६४० ग्रॅम आणि साडेअठरा इंच हे माप मी लिहून घेतलंय. डिसेंबरमध्ये भारतात येतोय, त्या आजोबांचं पाल तोपर्यंत कुठे असेल ते कळवाल का?

मावळवारा
फोटो उद्या टाकते. ते म्हणाले दिवाळीनंतर शिरवळच्या बाजूला जाणार, ऊसतोडीचे कोयते करायचे असतात. सुनेचा फोन नंबर घेऊन ठेवला आहे, तिला विचारून तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.